ग्रंथालय उतरवण्याचा समारंभ

बांग ग्यु-शिक माझ्या खोलीत आला तेव्हा त्याच्या हातात शक्तिवर्धक पेयाच्या छोट्या बाटल्यांचा खोका होता. आमच्या देगू शहरात कुणी असा खोका घेऊन आलं की समजावं, याला आपल्याकडून असं काहीतरी हवंय जे रिकाम्या हातांनी मागायची लाज वाटते. ग्यु-शिकला लाज वाटते हेच मला नवीन होतं.

"ताई, एक घ्या. गार आहे."

"आधी काम सांग. मग ठरवते घ्यायची की नाही."

तो हसला. विद्यार्थी होता तेव्हापासून तो असाच हसतो, समोरच्याच्या खुर्चीची उंची बघून. हा माणूस आमच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयशास्त्र विभागाचा प्रमुख. माझ्या दोन वर्षं मागे होता. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटला आणि कुठेतरी घुसायचं म्हणून आमच्याकडे घुसला. आडनाव बांग, आणि धंदाही तोच. उजाडवायचं दुसऱ्याने, आरवायचं याने.

"विभागाचं नाव बदलतोय, ताई. वरून मान्यता आली. पुढच्या महिन्यात नवी पाटी लागेल. 'माहितीशास्त्र विभाग'."

"आणि ग्रंथालय कुठे गेलं?"

"जातंय कुठे? माहिती म्हटलं की त्यात सगळं आलं. ग्रंथालय म्हटलं ना, की आईबाप विचारतात, पोरगी चार वर्षं शिकून करणार काय, पुस्तकांवरची धूळ झाडणार? अर्ज कमी यायला लागलेत. आता संगणकाचे दिवस आहेत, ताई."

संगणकाचे दिवस म्हणे! हा टंकलेखन यंत्रावर एका बोटाने टाइप करतो, आणि ते बोटसुद्धा प्रत्येक अक्षरासाठी वाट चुकल्यासारखं हिंडत असतं.

"बरं, मग मला कशाला सांगतोस? आमच्या संघाने विरोधाचा ठराव केलाय, तो तुला पोचलाय."

संघ म्हणजे आमच्या विभागातून शिकून बाहेर पडलेल्यांचा. शाळांतले, गावोगावचे, कंपन्यांतले ग्रंथपाल. त्याची अध्यक्ष मी, आणि पोटापाण्यासाठी याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाची मुख्य. पाटीवरून 'ग्रंथालय' हा शब्द उतरला की उद्या आमच्या नोकऱ्यांवरूनही उतरेल, हे आम्हाला लख्ख दिसत होतं. ग्यु-शिकला फक्त प्रवेशअर्ज दिसत होते.

"तेच तर," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "पाटीवरचं कापड नामगुंगबाईंनी ओढावं अशी सगळ्यांची इच्छा आहे."

"सगळ्यांची म्हणजे तुझी."

"कुलगुरूंचीसुद्धा. शेवटी विभागाच्या त्याच प्रवर्तक ना? माझं त्या ऐकायच्या नाहीत. तुम्ही आणाल त्यांना?"

एवढा डाव कळायला फार अक्कल लागत नव्हती. बाई आम्हा सगळ्यांच्या गुरू. त्यांनी स्वतःच्या हाताने कापड ओढलं, की आमच्या ठरावाची रद्दी. ज्या गुरूने ओढलं त्यांच्यासमोर उभं राहून आमच्यातलं कोण नाही म्हणणार? आमच्याकडे माणूस बापाशी भांडेल, गुरूशी चारचौघांत नाही भांडणार. ग्यु-शिकचा सगळा हिशेब या एका रिवाजावर उभा होता.

"आणते," मी म्हणाले.

त्याला इतक्या लवकर होकार मिळेल असं वाटलं नव्हतं. खोका ठेवून, वाकून वाकून तो गेला. मी एक बाटली फोडली आणि प्यायले. मी बाईंना ओळखत होते. कुलगुरू, फोटोवाले आणि शे-दीडशे माणसांसमोर बाई या कोंबड्याची पिसं काढणार, आणि मला ते पुढच्या रांगेत बसून बघायचं होतं.

नामगुंग ओक-हुई या बाईंबद्दल वर्तमानपत्रांत जे छापून येतं ते सगळं पुचाट असतं. 'देशातील ग्रंथालय शिक्षणाच्या प्रवर्तक', 'ज्ञानदीप', असलं काहीतरी. त्यांचं आडनावसुद्धा नीट कळत नाही लोकांना. आमच्या कोरियन लिपीत बहुतेकांची आडनावं एका अक्षराची, किम, ली, पाक. बाईंचं दोन अक्षरांचं. युद्धानंतर त्या अमेरिकेत शिकायला गेल्या तेव्हा तिकडच्या कारकुनाने त्याचे दोन तुकडे केले. 'नाम' हे नाव ठरवलं आणि 'गुंग' हे आडनाव. बाईंचा प्रबंध तिथे गुंगच्या खणात लागला आणि तिथेच राहिला. बाई पहिल्याच तासाला सांगायच्या, "एवढ्या मोठ्या अमेरिकेत मी हरवलेली आहे. तिथे मला नामगुंग म्हणून शोधलंत तर मी सापडणार नाही. तेव्हा त्यांचे नियम घोका, पण डोकं गहाण टाकू नका."

नियम त्यांनी फेकलेही. लेखकाच्या आडनावाने सूचीची कार्डं लावायची, हा तिकडचा पहिला नियम. बाई म्हणाल्या, बसमध्ये 'किमसाहेब' अशी हाक मारली तर निम्मी बस वळून बघते, त्या देशात हे चालायचं नाही, एकटा किमच सगळं कपाट खाऊन बसेल. आमच्या विभागात कार्डं पुस्तकाच्या नावाने लागली. राजधानीतल्या विद्वानांनी याला अडाणीपणा म्हटलं. वीस वर्षांनी त्याच विद्वानांनी तेच केलं आणि त्यावर स्वतःच्या नावाने निबंध वाचले.

विभाग सुरू झाला तो व्यायामशाळेमागच्या कोठारात. वर्गात फळ्याशेजारी उड्या मारायचा लाकडी घोडा होता आणि पाऊस आला की त्याच्यावर बादली ठेवायचो. शिकवण्याची तऱ्हा अशी, की पहिलं सत्र संपेपर्यंत वर्गीकरणाचा एक आकडा सांगायच्या नाहीत. दर आठवड्याला बाजारात पाठवायच्या. अनोळखी माणूस गाठायचा, तुला काय कळून घ्यायचंय असं विचारायचं, आणि त्याचं उत्तर असलेलं पुस्तक त्याच्या हातात नेऊन द्यायचं. हातात, असं दोनदा म्हणायच्या. मला कापड रंगवणारी एक बाई मिळाली होती. लाल रंग पहिल्या धुण्यातच का उतरतो, एवढं तिला हवं होतं. पुस्तक सापडलं ते जपानीत. मी तिच्या रंगाच्या हौदाशेजारी उकिडवी बसून ते वाचून दाखवलं, आणि ती म्हणाली, "पुन्हा ये गं. माझे आणखी प्रश्न आहेत." त्या दिवशी मला कळलं की मी जन्मभर हेच करणार. दोन वर्षांनी ग्यु-शिकची पाळी आली तेव्हा त्याने स्वतःच्या मामाला गाठून एक सोयीचा प्रश्न विचारून घेतला होता. बाईंनी त्याला नापासही केलं नाही. नुसतं बघितलं.

पण विद्यापीठात ग्रंथालय म्हणावं असं काही नव्हतंच. पुस्तकं कुलपात, किल्ली एका म्हाताऱ्याच्या कमरेला. चिठ्ठी द्या, बसा, आणि त्याची मर्जी लागली तर पुस्तक बघा. बाईंना उघडी कपाटं हवी होती, माणसाने आत चालत जाऊन स्वतः पुस्तक उचलावं अशी. तेव्हाचे कुलगुरू म्हणाले, पोरं चोरतील. बाई म्हणाल्या, चोरू देत, निदान वाचायला चोरतील. या वादात काही वर्षं गेली. शेवटी बाईंनी सौदा केला. पालकांना हवी होती अभ्यासिका, पोरांनी परीक्षांसाठी दिवसभर घोकत बसायची जागा. त्यासाठी ते वर्गणी द्यायला तयार होते, पुस्तकांसाठी नव्हते. बाईंनी हजार टेबलांची अभ्यासिका मान्य केली आणि त्या बदल्यात पहिला मजला उघड्या कपाटांसाठी घेतला. "बसायला येतील आणि उठताना पुस्तक घेतील," असं त्या म्हणाल्या होत्या. इमारत झाली. दारावर मोठ्या अक्षरांत ग्रंथालय लिहिलं, विभाग कोठारातून तिच्या शेजारी आला, आणि बाई प्रवर्तक झाल्या.

तेव्हापासून आमच्या गावात 'ग्रंथालयात चाललोय' म्हटलं की कुणी पुस्तकाबद्दल विचारत नाही. कुठली परीक्षा, एवढंच विचारतात.

समारंभाच्या सकाळी मी बाईंना आणायला गेले. निवृत्तीनंतर त्या चोंगदोला धाकट्या बहिणीकडे राहतात. पंचाहत्तरीला आल्या, गुडघे गेले, जीभ शाबूत. बहिणीने वाटेत खायला उकडलेली अंडी दिली होती. बसमध्ये बाई ती सोलत बसल्या आणि मी त्यांना सगळं सांगितलं, नाव कसं बदललंय, ग्यु-शिकला त्यांचा हात कशासाठी हवाय, आमचा ठराव, सगळं.

"माहितीशास्त्र," बाई म्हणाल्या. "ग्यु-शिकला मीठ हवंय का विचारलं तरी तो आधी कुलगुरूंकडे बघायचा. तो माहिती शिकवणार?"

"म्हणूनच म्हणते, बाई. आज तुम्ही काय करायचं ते मी सांगायला नको."

"मग नको सांगूस, इन-सुक. मीठ दे."

मी मिठाची पुडी दिली. मला हसू आवरत नव्हतं. मागच्या रांगांत आमच्या संघाची तीस-चाळीस माणसं येऊन बसणार होती. कुणी पोहांगहून, कुणी थेट बुसानहून. सगळ्यांना मी फोनवर एकच सांगितलं होतं, या आणि बघा.

आम्ही वेळेआधी पोचलो. मला वाटलं, विभागात नेऊन त्यांना चहा द्यावा. पण फाटकाशीच बाई थांबल्या.

"आधी ग्रंथालयात जाऊ."

"गर्दी असेल, बाई. परीक्षा जवळ आल्यात."

"गर्दी असेल तर चांगलंच की."

आत अभ्यासिकेत शिरलं की पहिला येतो तो वास, झोपेचा आणि नूडल्सचा. टेबलं सगळी भरलेली, म्हणजे निम्म्या टेबलांवर माणसं आणि निम्म्यांवर दप्तरं. पहाटे एकाने यायचं आणि मित्रांच्या दप्तरांनी अख्खी रांग अडवायची, ही इथली रीत. मी नोटिसा लावून थकले. बाईंचे गुडघे बोलायला लागले तशा त्या एका दप्तरवाल्या खुर्चीवर सरळ बसल्या. दोन मिनिटांत एक मुलगी आली, हातात कॉफीचा कागदी पेला.

"आजी, सॉरी हं, पण ही जागा माझी आहे."

"उठते. आधी सांग, काय वाचतेस?"

मुलीने टेबलावरचं जाडजूड पुस्तक दाखवलं. कडा रंगीत पेनांनी भरलेल्या. "नवव्या श्रेणीच्या सरकारी नोकरीचं गाइड."

"हे ग्रंथालयाचं पुस्तक?"

"नाही हो, माझं. विकत घेतलंय."

"ग्रंथालयाचं कुठलं घेतलंस यंदा?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी ग्रंथालयाची मुख्य आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. "ग्रंथालयाची… ती प्राध्यापकांसाठी असतात ना? मी कधी विचारलं नाही."

"सरकारात कुठल्या खात्यात जाणार?"

"ग्रंथपाल," ती म्हणाली. "मी इथल्याच विभागाची आहे, आजी. चौथ्या वर्षाला."

मला तिथल्या तिथे तिचं दप्तर उचलून बाहेर फेकावंसं वाटलं. ग्यु-शिकची विद्यार्थिनी, दुसरं काय! बाईंनी मात्र तिच्या गाइडची पानं चाळायला घेतली. एका पानावर त्या थांबल्या आणि चष्मा वर केला.

"हा प्रश्न दर वर्षी येतो," मुलगी मदतीला आली. "'ग्रंथालय शिक्षणाच्या प्रवर्तक कोण?' नामगुंग ओक-हुई. पर्याय तिसरा."

"त्यांनी काय केलं?"

"ते नाही विचारत, आजी. फक्त नाव विचारतात."

मला वाटलं बाई आता भडकतील. त्यांनी गाइड मिटून जिथे होतं तिथे ठेवलं, उठल्या, आणि त्या मुलीच्या खांद्यावर थोपटलं. "बस, अभ्यास कर. पास हो." मग माझ्याकडे वळल्या. "चल, कपाटं बघू."

मी म्हणाले, "वेळ होत आलीय, बाई. ग्यु-शिक वाट बघत असेल."

"बघू दे."

पहिल्या मजल्यावर पोचायला त्यांना वेळ लागला. जिना संपला आणि समोर टेबलं दिसली. खालच्यासारखीच, नवी, दिवे लावलेली, दप्तरांनी भरलेली. बाई दारात उभ्या राहून शेवटपर्यंत बघत होत्या. मजला चुकलाय की काय, असं त्यांना वाटलं असावं.

"कपाटं कुठायत?"

आता मी केलं ते काही चुकीचं नव्हतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. पोरांनी जागांसाठी आंदोलन केलं होतं, घोषणा दिल्या होत्या, कुलगुरूंच्या दारात बसली होती. वर्षाकाठी किती हात त्या कपाटांना लागतात ते मी पाहिलं होतं. जागा वाढवल्या नाहीत तर इमारतीचा खर्च बंद करू, असं वरून आलं होतं. मी कपाटं तळघरात हलवली, एकही पुस्तक फेकलं नाही. त्या वर्षी विद्यापीठाने सर्वोत्तम सेवेचं मानचिन्ह दिलं ते काय उगाच?

"आणि तळघरात जाऊन लोक पुस्तकं घेतात?"

"तिथे ओल आहे, बाई, उघडं ठेवून चालत नाही. खाली खिडकीवर चिठ्ठी द्यायची. तासाभरात मिळतं."

"चिठ्ठी."

"हो."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," मी म्हणाले. "जबाबदारी माझी आहे ना."

बाई जिन्याकडे वळल्या. जिना उतरताना त्यांनी माझा दंड धरला होता, आणि मला तो त्यांच्या गुडघ्यांचा त्रास वाटला.

विभागासमोरच्या पटांगणात ग्यु-शिकने थाट मांडला होता. दारावर पांढऱ्या कापडाखाली नवी पाटी. तिच्यापुढे मांडवात पाच नवे संगणक, आणि संगणकांपुढे चटईवर ठेवलेल्या टेबलावर उकडलेली डुकराची मुंडी, तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वड्या, सुका मासा आणि तांदळाच्या दारूची किटली. नवीन काही सुरू करताना आमच्याकडे मुंडी लागतेच, गाडी असो की गिरणी. बाजारात हसऱ्या मुंडीला जास्त भाव असतो. ग्यु-शिकने चांगली हसरी निवडली होती. निवडीला माणूस चोख! स्वतःसारखंच तोंड शोधून काढलं होतं.

"बाई!" तो धावत आला आणि कमरेत काटकोन करून वाकला. "आज माझ्या जन्माचं सार्थक झालं, बाई. तब्येत कशी आहे? दूध-बिध घेता ना?"

"घेते. मुंडी कुणासाठी?"

"संगणकांसाठी, बाई. बिघाड होऊ नये म्हणून."

"बरं केलंस. शिकून वापरण्यापेक्षा सोपं आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. आमची माणसं येऊन बसली होती. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आता बघाच.

मग ग्यु-शिकने बूट काढून मुंडीपुढे लोटांगण घातलं. कुलगुरूंनी खिशातून नोटांचं पाकीट काढून मुंडीच्या तोंडात खोचलं, तेही फोटोवाल्याकडे बघत. माहितीच्या युगाचं स्वागत असं झालं. मला त्या मुंडीबद्दल काही म्हणायचं नाही. तिथे व्यासपीठावर जेवढे हसत होते त्यांच्यात तीच एक कुणाकडून काही मागत नव्हती.

बाईंना पांढरे हातमोजे दिले. दोरीचं टोक हातात दिलं. ग्यु-शिक त्यांच्या बाजूला, फोटोत येईल इतक्या अंतरावर. मी पुढच्या रांगेत. आता दोरी खाली टाकतील. आता हातमोजे काढून याच्या तोंडावर मारतील. इतकी वर्षं या माणसाला गोडगोड बोलताना ऐकलं होतं, आज त्याचं सगळं वसूल होणार होतं.

बाईंनी एका झटक्यात कापड ओढलं.

'माहितीशास्त्र विभाग.' पितळी अक्षरं, उन्हात झगमगणारी. टाळ्या सुरू झाल्या. मागच्या रांगेत कुणी वाजवत नव्हतं. सगळी माझ्याकडे बघत होती. मी बाईंकडे बघत होते, आणि बाई पाटीकडेसुद्धा बघत नव्हत्या.

ग्यु-शिकने ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात दिला. "दोन शब्द, बाई. आमच्या सगळ्यांच्या मार्गदर्शक, प्रवर्तक…"

"पर्याय तिसरा," बाई म्हणाल्या. कुणाला काही कळलं नाही, तरी लोक आदराने हसले. "मला वाटतं मी थोडकंच बोलावं, मुंडी गार होतेय. जुनी पाटी उतरवलीत ते बरं झालं. मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. आत्ता शेजारच्या इमारतीतून आले आणि नाही वाटलं. तिथे ग्रंथालय नाही. बसायची जागा आहे. तो सौदा माझाच होता, त्यासाठी मी दुसऱ्या कुणाला बोल लावत नाही. मला वाटायचं, बसतील आणि उठताना पुस्तक घेतील. नाही घेतलं. मग जे नाही त्याची पाटी कशाला हवी?"

कुलगुरूंना नक्की स्तुती झाली की नाही ते कळेना. ते टाळ्या वाजवायला हात वर करून थांबले.

"ग्यु-शिक," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"तू माझ्या वर्गातला सगळ्यात मठ्ठ मुलगा. ग्रंथालय म्हणजे काय ते तुला तेव्हा कळलं नाही, माहिती म्हणजे काय ते आता कळणार नाही. पण तुला जे कळत नव्हतं त्याची पाटी तू काढलीस. तुझ्यावर माझा राग नाही."

सगळे हसले. ग्यु-शिक सगळ्यांत जास्त हसला आणि पुन्हा काटकोनात वाकला. शिवी आशीर्वादासारखी अंगावर घ्यायची कला आहे त्याच्यात, ती मी मान्य करते.

बाईंनी मान वळवली. त्यांनी मला पुढच्या रांगेत शोधलं.

"इन-सुक मात्र हुशार होती," त्या म्हणाल्या, आणि ध्वनिक्षेपक खाली ठेवला.

पुन्हा टाळ्या. शेजारच्या बाई माझा हात दाबून म्हणाल्या, किती भाग्यवान तुम्ही, सगळ्यांसमोर कौतुक केलं. मागच्या रांगेतली माझी माणसं उठून निघाली होती. एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. मी व्यासपीठाच्या पायऱ्यांशी गेले आणि हात पुढे केला. बाईंनी तो पाहिला. मग कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, त्या एकट्याच खाली उतरल्या.

"मी सोडते तुम्हाला, बाई. बस पाचची आहे."

"ग्यु-शिक सोडेल," त्या म्हणाल्या.

तो आलाच होता, गाडीची किल्ली हातात, डोळे भरून आलेले. "ताई, पाहिलंत ना! बाईंनी आशीर्वाद दिला. सगळं तुमच्यामुळे हो, ताई. सगळं तुमच्यामुळे." त्याने गाडीचं दार उघडलं आणि बाईंचे गुडघे आत घेताना तो त्यांच्या पायाशी अक्षरशः बसला. बाईंनी आधारासाठी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तीस वर्षं मी त्या माणसाची टर उडवत आले. त्या संध्याकाळी मला त्याचा हेवा वाटला. बाईंना त्याच्याकडून कधी कसली अपेक्षाच नव्हती.